सातवं नाव

मठाच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लातूरकडच्या मुरुडजवळच्या त्या वाडीतली झाडून सगळी माणसं गुरुपादप्पा महाराजांच्या गादीपुढं बसली होती आणि मधोमध होती सृष्टी, आठ महिन्यांची गरोदर, कालपासून पाण्याच्या थेंबावाचून. तिच्या पायांवरची सूज मनिषाला दारातूनच दिसली.

"नागूचा आत्मा नावं पुसून राहिलाय!" महाराज गरजले. "जिचं नाव पुसलं, तिचे श्वास मोजले गेले. यंत्राला कळतंय, तुम्हाला कळंना? पाच दिवस उपास, अकरा नारळं, आन् मठाचा उंबरा ओलांडायचा न्हाई!"

यंत्र म्हणजे मनिषाचा मोबाइल. ती गावची आशाताई. महिन्यापूर्वी नागूबाई बाळंतपणात गेली होती. परवा पुढच्या तपासणीसाठी मनिषानं फोनमधली यादी उघडली, तर सहा गरोदर बायांची नावं गायब! घाबरून तिनंच ते सृष्टीच्या सासूला, साखराबाईला सांगितलं आणि साखराबाईनं गावभर केलं. त्या सहांत सृष्टीचंही नाव होतं.

मनिषाच्या घरात आजोबांपासून कुणी देवऋष्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तरी दोन दिवस वाजणारा फोन उचलायला ती धजत नव्हती. नागूला शेवटच्या तपासणीला न्यायचं राहून गेलं होतं. कसं राहिलं, हे काही केल्या तिला आठवत नव्हतं, आणि तेच तिला झोपू देत नव्हतं.

आज सकाळी तिनं पेटीतली जुनी वही काढली. सहाही बायांपुढं नवऱ्याचेच नंबर होते. एकीचाही स्वतःचा फोन नव्हता. तिनं लातूरला भावाला फोन लावला. आनंदराज तिथं कॉम्प्युटर शिकवायचा.

"अगं, फोनमधली यादी आन् संस्थेनं दिलेला तो नवा प्रोग्राम, दोघांची फाइल एकच," तो म्हणाला. "त्या प्रोग्रामला एका नंबरावर एकच माणूस कळतो. दुसरं नाव दिसलं की खोडतो. मग फोनमधूनबी जातं."

"आन् ठेवतो कुणाचं?"

"आधी लिहिलेलं."

आधी लिहिलेला घरचा कर्ता. वाडीची रीतच तशी होती.

म्हणून मनिषा आता गर्दीतून थेट गादीपुढं गेली. "महाराज, तुमचा नंबर सांगा."

"आम्ही यंत्राला शिवत न्हाई. रेवणसिद्धाला विचार."

शिष्यानं ऐटीत आपला नंबर सांगितला. मनिषानं आधी रेवणसिद्धाचं नाव लिहिलं, मग त्याच नंबरावर महाराजांचं. सृष्टीच्या नवऱ्याला, सुदर्शनला, दोन्ही नावं दाखवली. मग प्रोग्राम उघडून याद्या जुळवायचं बटन दाबलं आणि फोन त्याच्याच हातात दिला.

"वाचा भाऊ."

"रेवणसिद्ध हाय." सुदर्शननं यादी वरखाली केली. "महाराज... महाराज न्हाईत की!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मनिषानं भावानं सांगितलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं आणि म्हणाली, "आता महाराजांचेबी श्वास मोजले का? का नागू यांच्याबी मागं लागली?"

"ही... ही लीला हाय," महाराज पुटपुटले.

"मग लीलेचा उपास तुम्हीच धरा," साखराबाई उठली. तिनं गादीपुढचा एक नारळ उचलून दगडावर फोडला आणि पाणी सुनेच्या तोंडाला लावलं.

सृष्टीला दवाखान्यात नेणारी जीप लातूरच्या रस्त्याला लागली. तिचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. मनिषानं वहीचं मागचं पान उलटलं. 'नागूबाई व्यंकटी', पुढं व्यंकटीचा नंबर. तिनं फोनमध्ये शोधलं. व्यंकटी होता, नागू नव्हती. मेलेल्या बाईचं नाव कुणी शोधलंच नव्हतं. प्रोग्राम फोनमध्ये आला होता दोन महिन्यांपूर्वी, तेव्हा नागू जिवंत होती. त्या महिन्यात बाकी सहाजणींची तपासणी नव्हती, नागूची होती; पण यादी निघाली, त्यात तिचं नाव नव्हतं आणि मनिषानं यादीवर विश्वास ठेवून वही उघडली नव्हती.

तिला रडू आवरेना.

"काय झालं, ताई?" सुदर्शननं विचारलं.

"भाऊ, नागूनं कुणाचं नाव पुसलं न्हाई. तिचंच नाव आधी पुसलं गेलं, म्हणून ती गेली. यंत्र चुकतं, माणूसबी चुकतं. चूक दिसली की भूत शोधू नका, वही उघडा. आन् एवढं करा, सृष्टीला तिचा स्वतःचा नंबर घेऊन द्या."