परीक्षेच्या दिवशीचा पांढरा शर्ट

मित्रांनो, मी एक जुना सूट आहो. शिवलेला नाही, जोडलेला. पाठीवर दोन सळया, कमरेजवळ स्प्रिंगा, मांडीवर गाद्या, आन् हे सारं अंगाले बांधाले पट्टे. माणूस वाकला का त्याचा थोडा भार मी घेतो. शिकलेले लोक मले एक्सोस्केलेटन म्हणतात. भिलाईच्या कारखान्यातले कामगार नुसतं सूट म्हणत.

असा सूट कसा पारखाचा, याचे नियम तवा पक्के नव्हते. ते बनवाचं काम नेहरू नगरच्या दामिनीकडे होतं. मले घालाले तिनं खुर्सीपारच्या प्रेमानंदले निवडलं. तो ठेकेदाराकडे लोखंड उचले. कमर दुखे त्याची. कमर गेली का काम गेलं, हे त्याले माहीत होतं. म्हणून पट्टे बांधताना तो माझ्यावर हात फिरवे, जसा बैलावर फिरवतात.

माझ्या परीक्षेच्या दिवशी तो पांढरा, प्रेस केलेला शर्ट घालून आला. दामिनी हसली.

"काका, आज तर एकदम दूल्हा!"

"सत्यशीलानं सजवलं, बेटा. म्हणे, फोटो निघतीन, तो कमरेचा ओला गमछा घरीच ठेवा. घरवालीचं ऐका लागते."

परीक्षेचा हॉल थंडगार होता. त्यानं पेटी उचलली, वळला, ठेवली. पट्टा जागचा हलला नाही.

"कुठं टोचून राहिलं का, काका?"

"नाही नं. बढिया आहे."

टाळ्या वाजल्या. मी पास झालो. तेवढा खुश मी कधीच नव्हतो.

मंग मले भट्टीजवळच्या शेडात नेलं. तिथं सारेच कमरेले ओला गमछा बांधतात, नाहीतर उभं राहवत नाही. प्रेमानंदनंही बांधला, आन् त्याच्यावर मले. ओल्या कापडावर माझा पट्टा सरके. तो वर ओढे, मी पुन्हा खाली. सांगू कोणाले? मले तोंड नाही, आन् तो कोणाले सांगे नाही. सूट काढून घेतला तर?

एक दिवस लोखंड घेऊन तो वळला. माझी गादी गुडघ्यावर घसरली, स्प्रिंगनं कमरेले वाकडा धक्का देला. "माय वं!" एवढंच म्हणाला. त्याले उचलूनच न्या लागलं.

लय दिवसांनी तो हॉलमध्ये आला, काठी टेकत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. सत्यशीलानं मले पाह्यलं आन् तिचा बांध फुटला.

"यानंच घरी बसवला माहा माणूस!"

"त्याले कावून बोलून राहिली?" प्रेमानंद हळूच म्हणाला. "परीक्षेले मीच सजून आलतो."

शर्ट सत्यशीलानंच प्रेस केला होता. गमछ्याचं दामिनीनं ऐकलं होतं, आन् हसून सोडलं होतं.

मंग सत्यशीलानं पिशवीतून गमछा काढला, बादलीत बुडवला, पिळला आन् दामिनीच्या हातात देला.

"आता याच्यावर बांधून पाह्य, पोरी."

तवापासून इथं हरेक नवा सूट ओल्या गमछ्यावर पारखतात. लय सूट नापास होतात. मी खिळ्यावर टांगलेला पाहत राहतो. प्रेमानंदची कमर काही वापस आली नाही.

मित्रांनो, आमाले तेल द्या, पट्टे बदला, ते तर कराच. पण ज्याच्या अंगावर आमाले चढवता, त्याले त्या दिवशी सजवू नका. तो रोज जसा कामावर येते, तसाच येऊ द्या.