बुटक्या दारातला आवाज

मंडळी, ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच तुम्हाला पटणार नाही. खोटी असती तर केव्हाच पटली असती.

घशाच्या ऑपरेशनात मावशीचा आवाज गेला. तिची भाची सॉफ्टवेअरवाली. तिने प्रोग्रॅम लिहिला: मावशीने टाइप करायचं, कॉम्प्युटरने बोलायचं. पण मावशीचा कॉम्प्युटर म्हातारा. ‘या सिस्टीमवर हा प्रोग्रॅम चालणार नाही,’ म्हणून त्याने हात वर केले. नवा घेऊ म्हटलं, तर मावशीने मान हलवली. जन्मभर टायपिस्ट, बोटांना तीच बटणं पाठ. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

ऑफिसात ती म्हणाली, “प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमवर बिल्ड करते, तिथेच बांधून काढते.”

“कर की,” शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. “पुढच्या वेळी दगडावर कोर.”

“अरे, वाकून चालायला शिकलेला उंच दारातून सहज जातो. ताठ्यात वाढलेला बुटक्या दारात कपाळमोक्ष करून घेतो. जुन्यावर बांधलेलं नव्यात चालतं. नव्यावर बांधलेलं जुन्यात नाही चालत.”

मग तिने आपल्या नव्या मशीनच्या पोटात जुनी सिस्टीम बसवली. स्क्रीन निळसर झाला, पाण्यासारखा हलला, आणि चष्मा सावरत भाची त्यात चालत गेली. आत तिच्या जन्माआधीची दुपार पसरली होती. पडद्यांचे रंग अजून उडायचे होते. अंगणातलं झाड तिच्या कमरेएवढं होतं. पलीकडच्या खोलीत टाइपरायटर चालू होता आणि त्याच्या तालावर कुणीतरी गुणगुणत होतं. भाची जमिनीवर बसून बिल्ड करत राहिली. एकेक ओळ त्या गुणगुणण्यात भिजून घट्ट होत गेली.

दारात तरुण मावशी आली. “कुणाची गं तू?”

“तुझीच. ओळख व्हायचीय अजून.”

“बरं. काय हवंय?”

“आवाज.”

“ने की. घरातले तसेही कंटाळलेत त्याला.”

भाचीने तो ओंजळीत धरून, सांडू न देता बाहेर आणला आणि मावशीच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात ओतला.

एवढं सांगून होतंय तोच, इतका वेळ इथेच बसून ऐकणाऱ्या मावशीची बोटं त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर टकटकली. कॉम्प्युटर खणखणीत बोलला:

“भावजी, थापा. नवं जुन्यात चालत नाही ना? मग ही पोर आत चालत गेली कशी?”