संचिताचा पांढरा एप्रन

मी एक एप्रन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत घालतात ना, तो पांढरा. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागे एका टेलरकडे माझा जन्म झाला. उत्तराताई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने मला विकत घेतलं. हलाखीतून बारावी झालेल्या मुलांना त्यांची समिती दरवर्षी शिष्यवृत्ती देते. त्यासोबत हातात काहीतरी द्यायचं, म्हणून मी.

सत्कार टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये झाला. निवेदकाने माइकवर सगळं सांगून टाकलं. संचिताला आई नाही, वडिलांच्या किडन्या निकामी झाल्यात, त्यांचं डायलिसिस चालू असताना ही हॉस्पिटलच्या बाकड्यावर अभ्यास करायची. टाळ्या पडल्या. तिचे वडील, तानाजी, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

मानपाड्याच्या खोलीवर येताच तिने मला अंगात घातलं.

"बाबा, कशी दिसते?"

"डॉक्टरीणबाई!" ते म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

बी.एस्सी.चं कॉलेज सकाळचं आणि डायलिसिसही सकाळीच. "तू कॉलेज बुडवू नको. मी जाईन रिक्षाने," बाबा म्हणाले. काही आठवडे गेलेही. एकदा परतताना जिन्यातच कोसळले. त्यानंतर संचिता त्यांना एकटं सोडेना. प्रॅक्टिकल बुडाली, हजेरी कमी पडली, परीक्षेला बसू दिलं नाही.

उत्तराताई घरी आल्या. "शिक्षण चालू असेल तरच पुढचे पैसे देता येतात गं. मी भांडले समितीत, पण..."

"असू दे ना मॅडम. तुमचं काय चुकलं त्यात?"

ती जवळच्याच एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागली, दुपारच्या पाळीत. पावडर उडते, कपडे खराब होतात, म्हणून मला घालू लागली. माझ्या बाह्या आधी पिवळ्या पडल्या, मग हिरव्या. किती घासलं तरी रंग निघेना.

गेल्या श्रावणात बाबा गेले. तेरावं झाल्यावर ती उत्तराताईंकडे गेली. मी तिच्या पिशवीत होतो.

"मॅडम, आता मी मोकळी आहे," एवढं बोलली आणि तिलाच रडू फुटलं. मग म्हणाली, "परत शिकायचंय मला."

"शिष्यवृत्ती यंदा पास झालेल्यांनाच असते गं. तुला आता दोन वर्षं होऊन गेली." मग त्या म्हणाल्या, "पण कार्यक्रमाला येशील? दोन शब्द बोल. मुलांना धीर येईल."

"काय बोलू, मॅडम?"



आता कंपनीने सगळ्यांना निळे कोट दिलेत. काल संचिताने माझी बटणं कापून डबीत ठेवली. पाठीच्या कापडाचं फडकं केलं. बाह्या टाकून दिल्या.

यंदाचा सत्कार रविवारी आहे. कुणा मुलीसाठी नवा एप्रन घडी घालून ठेवलाही असेल. टाळ्या संपल्यावर, चार-सहा महिन्यांनी, तिच्या घरी कुणीतरी एकदा जाऊन या. एवढंच मागणं आहे.

येतो मी. ओट्यावर दूध उतू गेलंय, ते पुसायचंय.