दोन पट्टे आणि दुसरी सीट

माझ्या नवऱ्याने घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी फरशीवर खडूने दोन चौकोन काढले. पुढचा त्याचा, मागचा माझा. "ही तुझी सीट," तो म्हणाला. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी पुढची सगळी वर्षं निभावली. सुट्ट्या गेल्या, माझी चांगली चादर गेली, जेवणाच्या टेबलावर पंखाच्या फळ्या वाळत पडल्या. मी चकार शब्द काढला नाही. बरं, थोडे काढले.

सांगाड्यावर कापड चढलं, इस्त्री फिरवून ते ताणलं गेलं. टिचकी मारली की घुमायचं. उरला रंग. नवऱ्याच्या हातात स्प्रे गन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. सरावाच्या जुन्या दारावर त्याने इतके ओघळ आणले की दार रडतंय असं वाटावं. मी दातांची डॉक्टर. माझा हात हलला तर दुसऱ्याच्या जिभेवर बेततं. "सरक," मी म्हटलं, "हे माझं काम."

शिकवायला पेंटरमामा आले. मोटारी रंगवण्यात त्यांची हयात गेलेली.

"डॉक्टरबाई, मनगट विसरा, खांद्यातून हात चालवा. खटका दाबायच्या आधी हात सुटलेला पाहिजे, आणि खटका सोडल्यावरही थांबायचं नाही. लांब धरलंत तर भुकटी बसेल, जवळ धरलंत तर ओघळ."

दुसऱ्या दारापर्यंत माझा हात बसला. मग मी शेपटीचं सुकाणू घेतलं. आधी चंदेरी थर, कारण उन्हाने कापड कुजतं आणि तो थर ऊन अडवतो. त्यावर मामांच्या पद्धतीने पांढरा, ओलाकंच, थरावर थर. काय झळाळलं म्हणता! मामांनी पाठ थोपटली. नवऱ्याने त्यात बघून भांग पाडला.

मग त्याने सुकाणू वजनकाट्यावर ठेवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"सगळं विमान असंच रंगवलं, तर रंगाच्याच वजनाने एकच माणूस बसेल."

"कोण?"

"चालवणारा," तो चाचरत म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी माझ्याच हाताने माझी सीट रंगवून टाकत होते! थिनरचा बोळा घेतला आणि तो सगळा झळाळ पुसून काढला. मामा कळवळले. "अहो बाई, मोटारीवर असं काम करून घ्यायला लोक रांग लावतात!"

"मोटार उडत नाही, मामा."

नवऱ्याला युक्ती सुचली. "चंदेरी कमी मारू या? पांढऱ्याखाली कोणाला दिसतोय?"

"कीड आत ठेवून वरून दात चकचकीत करायचा? माझ्या दवाखान्यात चालत नाही, इथेही चालणार नाही. चंदेरी पुरता लागेल. पांढरा पातळ. आणि तुझे ते लाल पट्टे रद्द."

ते पट्टे तो विमानाच्याही आधीपासून काढत होता. वर्तमानपत्राच्या कडेला, फोनवर बोलता बोलता, जिथे कागद मिळेल तिथे. नाकापासून शेपटीपर्यंत दोन लाल पट्टे.

"पट्टे हवेत की मी?" मी विचारलं.

आणि हा माणूस विचार करू लागला. विचार! मी गन उचलून कामाला लागले.

पंख चंदेरी झाले की शेडचं दार लावायचं आणि पंखाच्या पोटात दिवा सोडायचा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे पुन्हा हात. एकही ठिपका उरेना, तेव्हा पांढरा चढवला, दुधात पाणी घातल्यासारखा पातळ. झळाळ नाही, पण एक ओघळ सापडला तर नाव बदलेन, असं मी म्हटलं. मामांनी चष्मा लावून शोधला. सापडला नाही.

नवरा मात्र जेवताना ताट सरकवायचा. रात्री भात नको, चहात साखर नको. विचारलं की, "भूक नाही." पट्ट्यांवरून रुसलाय, मी ओळखलं. रुसू दे. पोटात कावळे ओरडले की येईल ताळ्यावर.

शेवटी विमान काट्यावर चढलं. त्याने आकडा वाचला, आमची दोघांची वहीत लिहिलेली वजनं मिळवली. "बसतेस तू," तो म्हणाला. मी एवढी ओरडले की मामा चहा सांडून बसले.

मग तो स्वतः काट्यावर उभा राहिला. "आता हे बघ." शर्ट वर केला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली होती, आणि तरी पँट घसरत होती. जितकं वजन त्याने उतरवलं होतं, तितक्यात दोन लाल पट्टे आरामात मावत होते.

मी कमरेवर हात ठेवले. "मी इतकी वर्षं घसा फोडला तेव्हा हे पोट हललं नाही. आणि पट्ट्यांसाठी गेलं?"

"पट्ट्यांसाठीच," तो म्हणाला. "तुझं वजन पहिल्या दिवशीच धरलं होतं, ते मी हिशेबातून कधी काढलंच नाही. तू विचारलंस तेव्हा पट्ट्यांपुरतं वजन कुठून कमी करायचं, याचाच विचार करत होतो. तू ऐकायला थांबलीस कुठे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रंगाच्या वासाने, असं मी मामांना सांगितलं.

"टेप दे," मी म्हटलं. "आणि लाल डबा नीट ढवळ, गुठळी नको."

पट्टे मी पातळच मारले. त्याचं पोट परत यायला कितीसा वेळ लागणार!