बिनहातांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सरकारी खुर्ची आहे. लाकूड चांगले आहे, चारही पाय सरळ आहेत, आणि मला हात नाहीत. मोडले म्हणून नाहीत असे समजू नका. ते मला कधी दिलेच नव्हते.

सरकारी सुतारशाळेत मला घडवणाऱ्या सुताराने शेजारच्याला विचारले होते, “हिला हात लावू का रे? लाकूड उरलंय.”

“खुळा का तू?” शेजारचा म्हणाला. “ही खालच्या श्रेणीची. हात वरच्यांना.”

उरलेल्या लाकडाचे त्यांनी शिपायासाठी स्टूल केले. आमच्या कार्यालयाची रीतच तशी होती. शिपायाला स्टूल, कनिष्ठ कारकुनाला माझ्यासारखी, वरिष्ठ कारकुनाला हातांची, आणि साहेबांना चाकांची, पाठीवर टॉवेल टाकलेली. पगार कोणी कोणाला सांगत नसे, पण खुर्ची पाहिली की सगळ्यांना सगळे कळे. चुकून कोणी वरच्या खुर्चीत टेकला, तर अख्ख्या दालनाला खोकला यायचा.

माझ्या वाट्याला आलेल्या कनिष्ठ कारकुनाला सगळे हळूभाऊ म्हणत. त्याचे सगळेच हळू असे. चहासुद्धा पार गार झाल्यावर प्यायचा. पण कामात चूक शोधून सापडणार नाही. मला तो आवडायचा. तो बसण्याआधी माझ्या पाठीवर एकदा हात ठेवायचा आणि उठल्यावर मला टेबलाखाली नीट सरकवायचा. एवढी आस्था चाकांच्या खुर्चीच्याही नशिबी नव्हती.

शाळा अर्ध्या दिवसाची असली की त्याची लेक कार्यालयात यायची आणि माझ्या पायाला पाठ टेकून फरशीवर बसायची. एकदा तिने विचारले, “बाबा, तुमचा पगार वाढतो कसा?”

“हे बघ, श्रेणी म्हणजे मजला समज,” तो म्हणाला. “आपण तळमजल्यावर. पण प्रत्येक मजल्यावर छोट्या पायऱ्या असतात. दरवर्षी एक पायरी वर चढायचं, तेवढा मूळ पगार वाढतो. तिला वेतनवाढ म्हणतात. महागाईचा भत्ता वेगळा, तो सगळ्यांनाच.”

“पायरी आपोआप मिळते?”

“वर्षभर नीट काम केलं की मिळते. पण पहिल्या पायरीनंतर पुढे चढायला खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. ठरलेल्या संधी असतात. त्या संपल्या की आहे त्या पायरीवर थांबायचं.”

“आणि वरचा मजला?”

“त्याला बढती लागते. वर कोणाची तरी जागा रिकामी व्हावी लागते.”

“ती कशी होते?”

हळूभाऊने गार चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, “हळूहळू.”

वेतनवाढीचा दिवस आमच्याकडे मोठा मानला जाई. सकाळी दालनाचे प्रमुख, मोठे कारकून, मधोमध उभे राहून एकेकाचे पूर्ण नाव वाचत. ज्याचे नाव येई तो खुर्ची मागे सारून उभा राही, क्षणभर थांबे आणि पुन्हा बसे. उभे राहिले म्हणजे पायरी चढली. ज्याची वाढ थांबलेली असे त्याचे नाव वाचत नसत. तो बसून राही.

हळूभाऊ बसून राहायचा. रोज दुसऱ्यांचे पगार बिनचूक काढणारा हा माणूस परीक्षेत हिशेबाच्या पेपरला गडबडायचा. वरच्या मजल्यावर गेलेल्याला तिथल्या कोणत्या पायरीवर ठेवायचे, या गणितापाशी त्याचा हात थांबायचा आणि घंटा व्हायची. एकेक करून त्याच्या सगळ्या संधी संपल्या.

मित्रांनो, मी खुर्ची आहे. मला माणसाचे दुसरे काही कळत नाही, पण वजन कळते. आजूबाजूच्या खुर्च्या करकरत मागे सरत, माणसे उठत, आणि त्या वेळी हळूभाऊ माझ्यावर जड होत जाई. दरवर्षी थोडा अधिक. माझे सांधे दुखत, पण मी तक्रार केली नाही.

त्याच्यासाठी एकच दार उघडे होते. ठरावीक वय झाले की परीक्षा माफ होते आणि थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. तो त्या वयाची वाट पाहत राहिला. अखेर माफीचा आदेश आला. पुढच्या वेतनवाढीच्या दिवशी त्याचे नाव वाचले जाणार होते! जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामे झाले की तो हळूच मला मागे सारायचा, उभा राहायचा, स्वतःशीच लाजून हसायचा आणि पुन्हा बसायचा. तो सराव करत होता.

त्या दिवसाला थोडेच दिवस राहिले असताना, अशाच एका दुपारी, त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले, जोर लावला, आणि तो उठलाच नाही. माणसे जेवून परत आली तेव्हा त्याचा चहा भरलेला होता आणि हळूभाऊ गेलेला होता.

त्यांनी त्याला माझ्यावरून उचलून नेले, मित्रांनो. पण वजन नेले नाही. ते तसेच राहिले.

त्या वर्षी नावे वाचताना त्याचे नाव गाळले. झाडणारी बाई मला सरकवायला आली तेव्हा तिला घाम फुटला. “रिकामी खुर्ची, आणि एवढी जड?” ती पुटपुटली. मग तिने नाद सोडला. ती माझ्याभोवतीच झाडू लागली.

काही महिन्यांनी बापाच्या जागी लेकीला अनुकंपेवर नोकरी मिळाली. तोच तळमजला, तेच टेबल, आणि श्रेणी तीच असल्यामुळे खुर्चीही तीच. घरी आई होती, मिळवणारी ही एकटीच. परीक्षा तिलाही होती. अनुकंपेवर आलेली असल्याने ती ठरलेल्या संधींत पास झाली नाही, तर पायरी राहिली बाजूला, नोकरीच जाणार होती.

पहिल्याच दिवशी ती माझ्यावर बसली आणि चटकन उठली. तिने बसायच्या फळीवर तळहात ठेवला. फळी गरम होती. कोणी नुकतेच उठून गेले की असते ना, तशी. पण कोणी उठलेले नव्हते, हे मला ठाऊक होते. ती पुन्हा बसली. आता माझ्यावर दोघे होते.

हळूहळू तिचा चहा गार होऊ लागला. तिचे अक्षर उजवीकडे कलू लागले, जसे तिच्या बापाचे कलायचे. दालनात तिला हळूताई म्हणू लागले. आधी ती हसायची, पुढे नुसतीच मान वर करायची. परीक्षेला प्रत्येकाने आपली खुर्ची परीक्षेच्या खोलीत न्यायची रीत होती. दोन शिपायांनी मला कसेबसे ओढत नेले. हिशेबाच्या पेपरला त्याच गणितापाशी तिचा हात थांबला आणि घंटा झाली. पुढच्या खेपेलाही तेच झाले. आता एकच संधी उरली.

मग तिचा पहिला वेतनवाढीचा दिवस आला. पहिल्या वाढीला परीक्षा लागत नाही, म्हणून तिचे नाव यादीत होते. मोठ्या कारकुनांनी ते वाचले. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले, जोर लावला, आणि तिला उठता येईना.

“अगं, ऊठ की! पायरी नको का तुला?” मोठे कारकून म्हणाले. दालन हसले.

ती पांढरीफटक पडली. कपाळावर घाम आला. माझा एकही पाय फरशीवरून हलला नाही. शेवटी ती कडेने घसरून खाली उतरली आणि उतरल्या जागी फरशीवर बसली. माझ्या पायाला तिची पाठ टेकली, लहानपणी टेकायची तशी. आणि अगदी हळू आवाजात तिने विचारले, “बाबा, तुम्ही अजून बसून आहात?”

मी करकरले. माझ्या मनाने नव्हे.

हसणे थांबले. ती उठून मोठ्या कारकुनांसमोर गेली. “काका, माझ्या बाबांचं नाव वाचायचं राहिलंय.”

“वेडी आहेस का पोरी? वेतनवाढीच्या दिवशी माणूस हजर लागतो. नियमच आहे तो.”

“ते हजर आहेत.”

“अगं...”

“पैसे नकोत मला. एक दमडीही नको. फक्त नाव घ्या.”

मोठ्या कारकुनांनी माझ्याकडे पाहिले. चिडूनच ते आले आणि माझी पाठ धरून त्यांनी मला ओढले. मग दोन्ही हातांनी ओढले. मग त्यांनी फळीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्या जागी परत जाऊन त्यांनी घसा खाकरला आणि हळूभाऊचे पूर्ण नाव वाचले, त्याच्या वडिलांच्या नावासकट. गेल्या कित्येक वर्षांत या दालनात ते कोणी घेतले नव्हते.

मी मागे सरकले, मित्रांनो. करकरत, हातभर मागे सरकले, आणि मला कोणी धरलेले नव्हते. माझ्यावरचे वजन उठले. ते क्षणभर थांबले. सगळे दालन आपापल्या जागी उभे राहिले, कोणी सांगितले नव्हते तरी. मग माझ्या पाठीवर एक हात ठेवल्यासारखे झाले आणि मला कोणीतरी टेबलाखाली नीट सरकवले.

लेक तेव्हा पोटभर रडली. शेवटच्या संधीला झाडणारी बाई मला एका हातात उचलून परीक्षेच्या खोलीत घेऊन गेली. त्या गणितापाशी लेकीचा हात थांबला नाही. ती पास झाली, पायऱ्या चढत गेली, आणि पुढे वर जागा रिकामी झाली तेव्हा तिला हातांची खुर्ची मिळाली. जाताना तिने मला पुसले.

तेव्हापासून मी दालनाखालच्या भांडारात आहे. खरे सांगू? मला हळूभाऊची आठवण येते. ते वजन दुखायचे, पण ते माझ्या ओळखीचे होते. इथे आम्ही बिनहातांच्या पुष्कळ खुर्च्या एकीवर एक रचलेल्या आहोत. भांडारपाल म्हणतो, सगळ्या मोडीत काढायच्या. माझ्या खालच्या खुर्चीवर त्याने परवा हात ठेवला आणि दचकून काढून घेतला. वेतनवाढीच्या दिवशी वरून नावे ऐकू येतात, तेव्हा आमच्यातल्या काही खुर्च्या करकरतात, पण मागे सरकत नाहीत.

म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत, कार्यालयात कोणाचे नाव घ्यायचे राहून गेले असेल, तर तो हयात असतानाच घ्या. आणि जुन्या खुर्चीत बसण्याआधी तिच्या फळीवर एकदा हात ठेवा. ती थंड असेल, तरच बसा.