दुसरी धार

मी एक जिवाणू बोलतोय. जरा जवळ या, आवाज फार उरलेला नाही. बोटाएवढ्या काचनळीच्या तळाशी पडून आहे. माझ्यासकट किती जण जिवंत आहेत, ते मलाही ठाऊक नाही. तीन दिवसांपूर्वी आम्ही एका मोठ्या टाकीत होतो. तिथल्या एका थेंबात आम्ही जितके होतो, तितकी माणसं मोठ्या शहरातही नसतात.

आमचं मूळ मिठाच्या तळ्यातलं. आमच्यात आई नसते, लेकरू नसतं; एक जण मधोमध दुभंगतो आणि दोघे होतात. थोरला कोण नि धाकटा कोण, हे भांडणच नाही.

खारट पाणी अंगातलं पाणी ओढून घेतं. दुसरा कुणी असता तर सुकून गेला असता. आम्ही मात्र अंगात एक पदार्थ घडवतो. बाटलीवर त्याचं नाव एक्टोईन असं छापतात. आम्ही शिदोरी म्हणतो. ती असली की पाणी आत टिकून राहतं. उष्मा वाढला, तर आतल्या नाजूक यंत्रांभोवती हीच पाण्याचं पांघरूण धरून ठेवते, ती उसवत नाहीत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, नुसती सांभाळते. घरात असतं ना असं एखादं माणूस, तशी.

माणसांना हे कळलं आणि आमचं नशीब फिरलं. कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांसाठी त्यांना ती हवी होती. दहा तास खारट पाण्यात ठेवायचं, शिदोरी भरू द्यायची, मग एकदम गोडं पाणी सोडायचं. गोडं पाणी आत घुसू लागलं की फुगून फुटण्यापेक्षा आम्ही सगळी दारं उघडतो आणि शिदोरी बाहेर ओततो. ते पाणी गाळून नेतात. मग पुन्हा मीठ. कारखान्यात याला धार काढणं म्हणतात. गाईला निदान पाठीवर थाप तरी मिळते.

आमची टाकी वहिनीकडे होती. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. नवरा पलीकडे बाटल्या भरायला, म्हणून सगळा कारखाना तिला वहिनी म्हणे. कारखान्याचे साहेब नवऱ्याचे सख्खे मामा. लग्नही त्यांनीच जमवलेलं. काम सांगताना ते साहेब असत, ती काही बोलू लागली की मामा होत.

वहिनी मोजकंच बोले. पण पाणी बदलण्याआधी टाकीच्या काचेवर नखाने टकटक करी, आत कुणी झोपलेलं असावं तशी.

त्या दिवशी सकाळी धार झाली, मीठ पडलं, आम्ही कामाला लागलो. दोन तास झाले असतील नसतील, साहेब आले.

"आणखी एक धार काढ. माल आजच जायला हवा."

"अजून भरले नाहीत ते. दहा तास लागतात."

"ते कोण?"

"जिवाणू."

"अगं, त्यांना घड्याळ कळतं का?"

"त्यांना नाही. मला कळतं."

साहेब एकदम मामा झाले. "सूनबाई, घरीपण अशीच उलट बोलतेस? संध्याकाळी विचारतो ताईला." ताई म्हणजे त्यांची बहीण, वहिनीची सासू.

वहिनीने गोड्या पाण्याची झडप उघडली. टकटक केली नाही.

होतं नव्हतं ते गेलं. आमच्यातले कितीतरी दारं उघडण्याआधीच फुटले. उरलेल्यांवर पुन्हा मीठ पडलं, आणि दुपारी टाकी गार ठेवणारा थंड पाण्याचा पंप बंद पडला. तसा तो पूर्वीही दोनदा बंद पडला होता. तेव्हा शिदोरी होती, निभावून नेलं. आता अंगात काहीच नव्हतं. बाहेरून मीठ ओढत होतं, आत सगळं उसवत होतं. माझ्या शेजारचा सुरकुतत गेला, त्याच्या पलीकडचाही. हाक मारावी तर कुणाला? सगळे माझ्यासारखेच रिकामे.

"टाकी गेली," साहेब म्हणाले. "वाफ सोडा, धुऊन काढा."

"थांबा, एक नळी भरून घेते."

"मेलेल्यांची?"

"बघू."

राखून ठेवलेलं आमचं बियाणं शीतपेटीत महिन्यापूर्वीच खराब झालं होतं. नवं ठेवणं उद्यावर, उद्यावर ढकललं गेलं होतं. म्हणजे आता आम्ही एवढेच. नळीत नाही वाचलो, तर कुठेच नाही.

तेव्हापासून ती नळी खिडकीशी आहे. वहिनी सारखी उजेडात धरून बघते. पाणी गढूळ झालं तर आम्ही जिवंत, नितळ राहिलं तर संपलो. दोन दिवस ते नितळच होतं. मी एकदा दुभंगलो, पुढचं बळ येईना. साहेब मात्र दर तासाला दारात.

"दिसलं काही की थेट मोठ्या टाकीत ओत. संध्याकाळपर्यंत धार काढू."

आज ओतलं तर खेळ खलास. अंगात शिदोरीचा कणही धड साठलेला नाही.

मघाशी वहिनीने नळी उचलली आणि तिचा हात थबकला. तळाशी धुरासारखी बारीकशी रेघ होती. आम्ही होतो ती. तिने पाहिलं. तेवढ्यात दार वाजलं.

बाई, आत्ता बोल! एकदाच बोल!

"आलं का?"

वहिनीने मूठ मिटली. "नाही, मामा. दिसत नाही काही."

"बघू इकडे."

"परवा दाखवते. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"ताईला सांगू का?"

"सांगा. दुसरी धार कुणी काढायला लावली, ते मी सांगते आईंना."

मामांची पावलं जरा वेळ दारात घुटमळली, मग गेली.

मुठीत अंधार आहे, ऊब आहे. आत्ताच काचेवर नख वाजलं. टक, टक.

परवापर्यंत भरायचं आहे. जमेल की नाही, देव जाणे. तुमच्याकडे कुणी चौकशी केली, तर हात जोडतो, तुम्हीही एवढंच सांगा: अजून काही दिसत नाही.