टाचेमागची पट्टी

शहादेवच्या टाचेमागची शीर भरतीच्या मैदानावर तटकन तुटली. पण ते झालंच नाही असं धरून चालू. घरीही सगळे तसंच धरून चालले होते.

तर, पोलीस भरतीचं वय सरायच्या आत शहादेवला एकच भरती उरली होती. गावचा तलाव आटल्यामुळे सरावाला मोठं मैदान फुकट मिळालं होतं. दुष्काळाचा तेवढाच एक फायदा. त्या भेगाळल्या तळावर पळून पळून टाच सकाळच्या पहिल्या पावलालाच ठणकू लागली.

गेवराईत व्हॉलीबॉल खेळणारा त्याचा दोस्त इलियास खेळाडूंची चिकटपट्टी घेऊन आला. "पंजा खाली ताण," म्हणत त्यानं टाचेखालून पोटरीपर्यंत पट्टी ओढली, वर दोन आडव्या मारल्या. शहादेव उठून चालला. दुखणं जवळजवळ गायब.

"लई भारी हाय बे!"

"भारी न्हाई, नुसता आधार हाय. आता पळणं बंद."

"दुखत न्हाई तर बंद कावून?"

पट्टी इमानी निघाली, शेवटपर्यंत सुटली नाही. भरतीच्या शेवटच्या फेरीत, दोनशे मीटर उरले असताना, आतली शीरच सुटली.

गावातले सगळे अर्ज सोसायटीचे सचिव आश्रुबाकाका लिहीत. त्यांना दुष्काळात कर्जवसुली पुढे ढकलण्याचा एकच मसुदा पाठ होता. प्लास्टरमधला पाय बघून त्यांनी तोच लिहायला घेतला:

"गाव दुष्काळग्रस्त जाहीर असल्याने अर्जदाराचे उर्वरित दोनशे मीटर पुढील पावसाळ्यापर्यंत स्थगित ठेवावेत, व तोवर अर्जदाराचे वय वाढू देऊ नये, ही नम्र विनंती."